आमची कुस्ती इज्जतीची

१ मार्च २००३, शनिवार
सिमेंट एजन्सीची ही डायरी दोन महिने कपाटात पडून होती. आज लिहायला घेतली, कारण आज लिहिण्यासारखं घडलं.

ऑफिस सुटल्यावर चहाच्या गाड्यावर गेलो. टीव्हीत बॉक्सिंग चाललेलं. दोन दांडगे गडी एकमेकांची तोंडं फोडत होते. आमचा कॅशियर म्हणाला, कोटीत पैसे मिळतात म्हणून मार खातात. मी म्हणालो, साफ चूक. पैशासाठी कोण नाक फोडून घेईल? इज्जत असते ती. थोड्या वेळानं मी म्हणालो, हे परदेशी गडी पैशासाठीच लढतात, इज्जतीसाठी लढतो तो फक्त कोल्हापूरचा पैलवान. कॅशियर म्हणाला, आधी एक काय ते ठरवा. आकडेमोड करणाऱ्यांना बारकावे कळत नाहीत.

तिथं माझा चुलतभाऊ बाळासो होता. गावच्या यात्रा कमिटीचा सेक्रेटरी. कुस्त्यांचं हँडबिल छापायला कोल्हापुरात आलेला. म्हणाला, दादा, तुम्ही आज लढशिला का? मी बाकड्यावरच शड्डू ठोकला. कप खाली पडला. म्हणालो, आजही लढेन आणि एक रुपया न घेता लढेन, आमची कुस्ती इज्जतीची! बाळासोनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझं वाक्य असणार.

२ मार्च
संकल्प. पहाटे साडेचारला उठणे. दोनशे जोर, पाचशे बैठका. दूध दोन लिटर. चहा बंद. वजन ९१ वरून ७८. लढायचं आहे म्हणून नव्हे, पैलवानानं फिट असावं म्हणून. त्रेचाळीस हे काय वय आहे?

३ मार्च
उठलो साडेसातला. अलार्म वाजला होता, मिसेस वर्षाराणीनं बंद केला. तिचं म्हणणं, तुम्हीच लाथ मारून बंद केला. वाद वाढवला नाही. चहा घेतला. एकदम सोडला की बॉडीला शॉक बसतो.

११ मार्च
हँडबिल आलं. गुलाबी कागद.

यात्रा चोवीस एप्रिल. पाच नंबरची कुस्ती. पै. हंबीरराव, म्हणजे मी, विरुद्ध पै. प्रसेनजीत, नेसरी. वर माझा फोटो. १९८१ सालचा, केस असलेला.

ताबडतोब बाळासोला फोन. म्हणालो, अरे हे काय? तो म्हणाला, तुम्हीच म्हणालासा की! बजेट कमी पडलंय, पाच नंबरला एकाच गड्याची बिदागी बसत होती, दुसरा फुकट कुठनं आणायचा म्हणून डोकं धरून बसलोतो, तेवढ्यात तुम्ही शड्डू ठोकला. देवच पावला. मी काय ते ओळखलं. गावाला अनुभवी पैलवान पाहिजे आहे, पण तोंडावर स्तुती करायची आमच्याकडं पद्धत नाही. तरी सहज विचारलं, नाव काढता येईल का? तो म्हणाला, तीन हजार हँडबिलं वाटून झाली. पन्हाळ्यापर्यंत गेली.

वर्षाराणीनं हँडबिल बघितलं आणि फोटोवर बोट ठेवून विचारलं, ह्यो कोण?

१४ मार्च
माझ्या जुन्या तालमीत गेलो. सयाजी वस्ताद आता पंचाहत्तरीला आले, पण आवाज तोच. पाया पडलो. ओळख पटेना. मी सांगितलं, ८१ साली इथंच होतो, सात कुस्त्या मारल्या. वस्तादांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, व्हय व्हय, तू त्यो बदाम वाटणारा! थंडाई लई झ्याक करायचास. आणि सात कुस्त्या त्या बारक्या पोरांच्या, रेवड्यांवरच्या न्हवं का रं? पोरं हसली. म्हाताऱ्या माणसाची स्मृती, काय बोलणार. थंडाई मी करायचो हे खरं, पण ते साइडला.

प्रसेनजीतचं नाव काढल्यावर वस्ताद हसायचे थांबले. म्हणाले, हंबीर, घरात सांगितलंयस काय?

२० मार्च
जोर अकरा. क्वान्टिटीपेक्षा क्वालिटी महत्त्वाची. बैठका उद्यापासून, आज जिन्यावरून उतरताना गुडघा बोलला.

गल्लीत सगळे आता पैलवान म्हणूनच हाक मारतात. दूधवाला आपणहून अर्धा लिटर जास्त घालतो, पैसे घेत नाही. हे सगळं बरं वाटतं, पण दुपारी फाइल उघडली की यात्रेला उरलेले दिवस मोजत बसतो. प्लॅनिंग असतं ते.

२५ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. पळ काढायला नव्हे. बॉडी चेक करून घ्यावी, आणि काही निघालंच तर सर्टिफिकेट घ्यावं, एवढ्यासाठी. डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली गुलाबी हँडबिल. त्यांनी छातीला नळी लावली, पाठ थोपटली, फी घेतली नाही. मी गुडघ्याचं सांगितलं. ते म्हणाले, मातीत उतरला की जातंय. मी पाठीचं सांगितलं. तेही मातीतच जाणार होतं. शेवटी स्पष्ट विचारलं, सर्टिफिकेट मिळेल का? डॉक्टर म्हणाले, हंबीरराव, तुमच्यासारख्याला अनफिट म्हटलं तर लोक माझा दवाखाना ठेवतील का? आणि डोळा मारला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

२ एप्रिल
प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करावा म्हणून प्रसेनजीतला भेटलो. इथल्याच एका तालमीत राहतो. वय चोवीस. मान माझ्या मांडीएवढी. स्टोव्हवर स्वतःचा भात शिजवत होता. बसा म्हणाला, मला दूध दिलं.

मी मुद्द्याचं विचारलं. पैशासाठी लढतोस की इज्जतीसाठी? तो म्हणाला, पैशासाठी. बास. लाज नाही, लाजल्यासारखं करणंही नाही. म्हणाला, पावणं, खुराकाला पैसं लागत्यात. आई नेसरीत दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाती. घर गळतंय. पावसाच्या आत वर पत्रं घालायचं हाईत, ते तुमच्या गावच्या बिदागीतनं. कुस्ती निकाली झाली तर पूर्ण बिदागी, न्हाय झाली तर अर्धी.

वाईट वाटलं. काय ही पिढी! मग मी घरूनच भरून आणलेलं पाकीट खिशातनं काढून त्याच्यापुढं ठेवलं. सांगितलं, बरोबरीत सोडव. अर्धी तुला कमिटी देते, उरलेली अर्धी ह्यात आहे, तुझं काहीच जात नाही. त्यानं पाकीट उघडलंसुद्धा नाही. माझ्या वरच्या खिशात परत घातलं. म्हणाला, मी पैसं घेऊन लढतो, पैसं घेऊन सोडत न्हाय. मग माझं तोंड बघून म्हणाला, भिऊ नका. दोन-तीन मिनटं खेळवतो, लोकांस्नी बी बरं वाटंल. मान सांभाळून टाकतो.

मी त्याची परीक्षा घेत होतो. पास झाला. पाकिटाचं वर्षाराणीला सांगितलेलं नाही.

१६ एप्रिल
जोतिबाची चैत्र यात्रा. डोंगरावर गेलो. देवापुढं उभं राहून नेमकं काय मागावं सुचेना. जिंकू दे म्हणायला देवापुढं जीभ रेटेना. गावात पाण्याची टंचाई होऊन यात्रा पुढं जाऊ दे, असं मागितलं आणि मग गावाचा विचार करून मागं घेतलं. गुलालाच्या दुकानदारानं मला निरखून बघितलं. म्हणाला, तुम्ही पाच नंबरवालं न्हवं? फोटोत केस हाईत. पैसे घेतले नाहीत. पाच किलो गुलाल बांधून दिला. चोवीस तारखेला लागणार म्हणाला.

२३ एप्रिल
गावी आलो. वेशीत माझा बोर्ड. जोर चार. लढतीच्या आदल्या दिवशी एनर्जी राखायची असते.

वर्षाराणी भाकरी थापताना म्हणाली, अजून सांगा बाळासोला, होत न्हाय म्हणून. कोण काय खातंय तुम्हाला? मी म्हणालो, इज्जतीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुमच्या हाडांचा कोण विचार करायचा मग? खरं सांगायचं तर त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. एवढ्यात बाहेर पोरांनी माझ्या नावाचं चांगभलं केलं.

२४ एप्रिल, दुपारी ३
मैदान भरलं. हलगी कडाडते आहे. पाच हजार माणूस असेल. तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आलो. वॉर्म-अप.

२४ एप्रिल, संध्याकाळी ७
पाय घसरला.

हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं आता सविस्तर.

सलामी झाली. दोन-अडीच मिनिटं मी त्याला जवळ येऊ दिलं नाही. तो हाताला हात लावायचा आणि मागं सरायचा. माझी दहशत असणार. एकदा मी त्याच्या मानेला हात घातला तेव्हा पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मला वाटलं, हंबीरराव, हे जमतंय की! तेवढ्यात तो आत आला, आणि मला एकदम आभाळ दिसलं.

मान आपटली नाही, कारण मानेखाली त्याचा हात होता. पैलवान टाकल्यावर पंचाची शिट्टी होईपर्यंत छाताडावर दाबून धरतात. तो धरून बसला नाही. चटकन बाजूला झाला आणि मला उठवायला हात पुढं केला. पंच तेव्हा आत घुसणाऱ्या पोरांना हाकलत होता. वळून बघतो तर मी एकटाच उताणा. कोण ओरडलं, टाकला! कोण ओरडलं, घसरला, घसरला! गोंधळ. पंच म्हणाला, मी बघितलं नाही, मी निकाल कसा देऊ?

मग बाळासो माईक घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, दादा, तुम्हीच सांगा. त्यानं टाकला का पाय घसरला? तुम्ही इज्जतीचं मानूस, तुम्ही म्हणशिला तो निकाल. हलगी थांबली.  प्रसेनजीत अंगावरची माती झाडत उभा होता. निवांत. मी काय सांगणार याची त्याला शंकाच नव्हती.

मी म्हणालो, पाय घसरला.

बाळासो ओरडला, कुस्ती झालेलीच न्हाय! पाहुण्या पैलवानाला अर्धी बिदागी! लोकांनी मला उचललं, फेटा बांधला, पाच किलो गुलाल माझ्यावरच पडला. प्रसेनजीतनं शर्ट घातला. अर्ध्या बिदागीचं पाकीट घेतलं. जाताना गर्दीतनं वाट काढत माझ्यापाशी आला. मला वाटलं आता शिवी देतो. म्हणाला, मानंला लागलं न्हाय न्हवं?

मी नाही म्हणालो.

२५ एप्रिल
सकाळपासून माणसांची रीघ. चहाची चौथी खेप. सगळ्यांना एकच सांगतो, माती जरा ओलसर होती, मातीत कालवतात ते ताक जास्त पडलं असणार. पटतं त्यांना. मला जेवण जाईना. उन्हाळा.

वर्षाराणीनं काल घरात बसून सगळं लाउडस्पीकरवर ऐकलं.  आज ताट उचलताना म्हणाली, चप्पल घसरती हे ठावं होतं. मातीत अनवाणी पाय कसा घसरतोय ते दाखवा एकदा. आणि ताट घेऊन आत गेली. मी दाखवलं नाही.

३ मे
कोल्हापूर. पोस्टात जाऊन नेसरीला प्रसेनजीतच्या नावे मनिऑर्डर केली. राहिलेल्या अर्ध्या बिदागीएवढी. अपराध वगैरे काही नाही, सीनिअर पैलवानानं ज्युनिअरला उत्तेजन द्यावं म्हणून. खाली लिहिलं, खुराकासाठी. दोन फॉर्म चुकले. पोस्टातलं पेन खराब होतं.

आता हलकं वाटायला पाहिजे. उद्या वाटेल.

२१ मे
मनिऑर्डर परत आली. शेरा, घेण्यास नकार. पोस्टमननं बरोबरच एक कार्ड दिलं. उतरवून घेतो.

पावणं, जयभीम. तुम्हीच माईकवर सांगितलंसा, पाय घसरला म्हणून. म्हंजे कुस्ती झाली न्हाय. न झालेल्या कुस्तीचं पैसं मला घेता येत न्हाईत. अर्ध्या घरावर पत्रं घातलं. आई तुमच्या मानंचं विचारती. प्रसेनजीत.

कार्ड तीनदा वाचलं. सरळ बाळासोला फोन लावला. ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. पण मी तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला. दादा, तुम्हालाच फोन करणार हुतो! कमिटीची मीटिंग झाली. कुस्ती निकाली निघाली न्हाय, म्हंजे रिवाजाप्रमाणं हीच जोड फुडच्या वर्षी. आता आणि वर, तीन नंबरला! लोकांची मागणीच हाय. तुमचा फेट्यातला फोटो छापतोय. बिदागीचं काय तुम्हाला इचारायचं न्हाय, ते गावाला म्हाईत हाय. बोला, तुम्ही कशाला फोन केलतासा?

मी म्हणालो, सहज.

फोन ठेवल्यावर वर्षाराणीनं विचारलं, कोणाला? मी म्हणालो, बाळासोला. सांगितलंसा का त्याला, असं तिनं विचारलं. तिला मी कधी काही बोललो नव्हतो. मी मान हलवली, नाही म्हणून. ती भाजी निवडत बसली.

ही डायरी कोण वाचत नाही, म्हणून इथं लिहितो. पाय घसरला नव्हता. तो आत आला, त्यानं टांग मारली, मानेखाली हात घातला आणि तान्ह्या पोराला ठेवावं तसं मला मातीवर ठेवला. दोन्ही खांदे टेकले होते. मला कळलं होतं. बाळासोनं माईक तोंडाजवळ धरला तेव्हाही कळत होतं.

त्यानं मला टाकला. तीन शब्द होते.