जुबाच्या नर्सबाईस

ग्रेसबाई,

तुमाला नमस्कार घालावा का न्हाई, अजून माझं ठरलं न्हाई.

आमचे मालक मिलिटरीत नर्सिंगला हुते. गेल्या साली शांतिसेनेबरोबर तुमच्या दक्षिण सुदानात जाऊन आले आन् पेन्शनीवर म्हसवडला बसले. तरी तुमचे मेसेज काय थांबंनात. फोन वाजला की गडी गच्चीवर! आज फोन घरी विसरून साताऱ्याला मिलिटरीच्या कॅन्टीनला गेले, तवा मी तो उघडला. तर तुमच्या कडेवर कुरळ्या केसांचं बाळ. मी त्याचं नाक-डोळं मालकांशी ताडून बघितलं.

लेक सृष्टी सुट्टीला आलीया, सांगलीला डॉक्टरकी शिकती. तिला वाचायला लावलं, तर ती हसाय लागली. "आई, त्या बाळाला झटके येत होते. त्यावरचं नवं संशोधन ह्या नर्सच्या दवाखान्यात नेटवर उघडत नाही, पैसे मागतं. आमच्या कॉलेजात उघडतं. पप्पा माझ्याकडनं घेऊन पाठवतात."

मग गच्ची कशाला? म्हणं, रेंज तिथंच येती. बरं, मानलं.

पण शेवटचा मेसेज वाचताना ती मधीच थांबली. बाळ वाचलं, आन् त्याच्या आईनं त्याला ह्यांचंच नाव ठेवलं.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, बाई. उभ्या जन्मात मी घेतलं न्हाई. आन् तिकडं तुमी दिवसभर त्याच नावानं हाका मारणार, वर मांडीवर घेऊन!

हे पत्र काय मी धाडणार न्हाई. पण त्या बिराप्पाला परत झटके आले, तर लगीच मेसेज करा. फोन आता माझ्याजवळच असंल.

सृष्टीची आई