दातेरी चाकावरचं कुंकू

पनवेल,
दसऱ्यानंतरचा आठवडा, १९५६

प्रिय आनंदा,

तू सुखरूप असशील असं धरून चालते, कारण स्वतःहून दोन ओळी कळवायचा तुझा स्वभाव नाही. चिरनेरला आई बरी आहे. भात कापणीला आलं आहे, आणि मुंबईत तुला पोटभर जेवायला मिळत नाही हे तिचं अजून ठाम मत आहे. मी तिला सांगितलं की कंपनीच्या वर्कशॉपात नोकरी करणाऱ्याला कोणी उपाशी ठेवत नाही. ती ऐकत नाही.

आमच्याकडची बातमी एव्हाना तुझ्यापर्यंत पोचली असेल. तुझ्या बहिणीने पूजेच्या नादात दयारामच्या टॅक्सीचं इंजिन बिघडवलं, असं सगळा बाजार सांगतो आहे. मासळी घ्यायला गेले तर हौसा कोळीण म्हणाली, माज्या कोयतीला तेवडं कुंकू लावू नको गो बाय. मीही हसले. तुला मात्र खरं काय झालं ते सांगायचं आहे, म्हणून गॅरेजच्या मागच्या पडवीत बसून लिहिते आहे. हे पुढे काम करताहेत. त्यांच्यासमोर तुझं नाव काढायची अजूनही सोय नाही. नाव निघालं की उठून बाहेर जातात.

तर नवरात्रात दयाराम त्याची टॅक्सी घेऊन आला. इंजिनाच्या पुढून खळखळ आवाज येत होता. ह्यांनी कान लावला आणि टायमिंगची साखळी सैल झाली म्हणून सांगून टाकलं. कानाला त्यांच्या तोड नाही, ते तूही मानशील. मग रेडिएटर उतरवला, पंखा काढला, पट्टा काढला. क्रँकवरची पुली इतकी धरून बसली होती की पुलर लावूनही हलेना. तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला तेव्हा कुठे ती निघाली. पुढचं पत्र्याचं झाकण उघडलं तर आत साखळी जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखी लोंबत होती. तुला मी हे शिकवावं म्हणजे कमालच, पण इतकी वर्षं दारात बसून मलाही थोडं समजायला लागलं आहे. खालचं लहान चाक क्रँकचं, वरचं मोठं चाक कॅमशाफ्टचं, आणि साखळीने दोघांना बांधलेलं. त्यांचा मेळ एखाद्या दाताने चुकला तर गाडी ओढत नाही. जास्त चुकला तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

आणि ह्या गाडीचं मोठं चाक तर दुसऱ्याच कुठल्या इंजिनातून आणून बसवलेलं. त्यावरची कारखान्याची खूण काही कामाची नाही. म्हणून ह्यांनी नेहमीसारखा तेलात शेंदूर कालवला, दोन्ही चाकांच्या समोरासमोरच्या दातांवर एकेक टिपका दिला आणि मग साखळी सोडली. सुटल्याबरोबर स्प्रिंगांच्या जोराने वरचं चाक खटकन फिरलं. ते फिरणार हे ठाऊकच होतं, खूण त्यासाठीच असते. दोन्ही चाकं काढून परातीत ठेवली. नवी साखळी मुंबईहून एसटीने यायची होती, ती काही वेळेवर आली नाही. तोवर खंडेनवमी आली.

आमची खंडेनवमी कशी असते ते तू पाहिलं आहेस. सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊनपुसून मांडायचे, झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं, आणि पूजा हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ह्या वेळी हे स्वतःच म्हणाले, गाडी उघडी पडली आहे तर त्या चाकांनाही लाव. मी ओल्या बोटाने दोन्ही चाकांना कुंकू लावलं. बोट जिथे टेकलं तिथे, दातांच्या कडेला. शेंदराला मी धक्का लावला नव्हता. तो तेलकट, केशरी, जिथल्या तिथे होता. माझं कुंकू लालभडक, वाळून कोरडं झालेलं, त्याच्यापासून चांगलं चार बोटं लांब. हे नीट वाच आनंदा, पुढे सगळं ह्यावर आहे.

दसऱ्याच्या सकाळी साखळी आली. दयारामला दुपारी भाडं होतं, पुण्याचं, बायकापोरांसकट एक कुटुंब. तो आणि त्याचे सोबती बाहेर बाकावर चहा पीत बसले होते, आणि मिनिटामिनिटाला आत हाक मारत होते, झालं का मिस्त्री म्हणून. पूजा हलवली. मी हत्यारं पुसत होते आणि हे चाकं घेऊन बसले. मी सहज पाहिलं, तर ह्यांनी एका चाकावरचं माझं कुंकू दुसऱ्या चाकावरच्या कुंकवासमोर आणलं आणि साखळी चढवली.

मला आधी वाटलं, माझी थट्टा करताहेत. मग वाटलं, दुसरी काही रीत असेल, मला काय कळतंय. पण ते चाक डोळ्यांपाशी नेऊन, मान वाकडी करून बघत होते, आणि बघून समाधानाने मान हलवत होते. शेंदूर त्यांच्या अंगठ्याखाली होता. त्यांना तो दिसत नव्हता. पावसाळ्यापासून चहा कपाबाहेर ओततात, कंदिलाला वात नीट नाही म्हणून माझ्यावर करवादतात, नट बोटांनी चाचपून निवडतात. मी म्हणत होते, वय झालं, घाई असते. एका क्षणात सगळं समजलं.

त्यांनी झाकण हातात घेतलं. बाहेर ती माणसं हसत होती. बोलावं तर काय बोलावं? तुमची खूण केशरी आणि माझी लाल, असं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत खोपोलीपर्यंत झालं असतं की तुळशीराम मिस्त्री आंधळा झाला. मग कोण गाडी आणणार होतं? आणि गप्प बसावं तर दुपारी ती पोरं त्या गाडीत बसणार. झाकण टेकवलं, पहिला बोल्ट लावला, दुसरा हातात घेतला, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "थांबा. माज्या कुंकवानं तुमची खूण पुसली."

मग काय विचारतोस. बाईमाणसाला गॅरेजात येऊ दिलं हीच चूक, इथून ह्यांनी सुरुवात केली. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली आणि पोट धरून हसली. मी खाली मान घालून पुटपुटत होते की थोडी खूण राहिली आहे, मी दाखवते. झाकण निघालं, साखळी उतरली. मी पदराने माझं कुंकू स्वच्छ पुसलं, त्यांचं बोट धरलं आणि शेंदराच्या दातावर टेकवलं. मग दुसऱ्या चाकावर. ते बोलता बोलता थांबले. तो दात त्यांनी नखाने घट्ट धरून ठेवला आणि पुढचं सगळं डोळे मिटून केलं, खरंच मिटून. सगळं जोडून झाल्यावर हँडल हाताने सावकाश फिरवलं, कुठे अडत नाही ना ते ऐकलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दयाराम गेला. तो घाटातून सुखरूप परत येईपर्यंत मी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज कान देऊन ऐकत होते.

तिन्हीसांजेला हे मागे पडवीत आले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कवापासून ठावं हाय तुला?" मी म्हटलं, आजच. मी मुंबईच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं काढलं, तर म्हणाले, पट्टी बांधून पडलो तर गॅरेज कोण बघेल. उठताना एवढंच बोलले, "आनंदाला लिवू नको."

म्हणून लिहिते आहे. तू इथे ह्यांच्या हाताखाली होतास तेव्हा ह्यांनी जोडलेला त्या जीपचा ब्रेक तपासलास आणि गिऱ्हाइकासमोर म्हणालास की पिन बसवायची राहिली आहे. ह्यांनी पाना भिरकावला, तुला तोंड दाखवू नको म्हणाले, आणि मीही तुझ्यावरच चिडले, की मोठ्यांचा मान ठेवता येत नाही. तुझं खरं होतं. त्यांना ती पिन तेव्हाही दिसली नव्हती, आणि ज्याने पाहिलं त्याला त्यांनी घालवून दिलं. आता तुला ये म्हणते, तर खोटं घेऊन ये. कंपनीत काही जमलं नाही, काम अजून कच्चं आहे, भावोजी पुन्हा पहिल्यापासून शिकवा, असं म्हण. ते चार माणसांत तुझा पाणउतारा करतील. करू दे. मग तुला शिक्षा म्हणून प्रत्येक नट तुझ्याकडूनच लावून घेतील आणि स्वतः स्टुलावर बसून ऐकतील. गॅरेज तुझ्या हातात दिसलं की दवाखान्यात मी नेते त्यांना. पण उशीर करू नकोस. काशिरामचा मिठाचा ट्रक आला आहे, घाटातून जाणारा. त्याचे ब्रेक उघडून ठेवलेत. त्यातली एक स्प्रिंग, जिच्याशिवाय ते जोडता येत नाहीत, मी उचलून तांदळाच्या डब्यात लपवली आहे. रोज सकाळी हे गुडघ्यांवर बसून अख्खी जमीन हातांनी चाचपतात, आणि मी दारात उभी राहून म्हणते, नाही हो, मलाही कुठे दिसत नाही.

तुझीच,
भामाताई