हरणीचे ढेकर

ती. हनुमंतमामांना शिरूरहून अंकिताचा पाया पडून नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे हाय. तुमचा गुडघा आन् तुमचा टेम्पो, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील असं धरून चालते. (टेम्पोचं मुद्दाम विचारलंय, ते पुढं येईल.) मामीला सांगा, कुरडया पोचल्या, आन् संपल्यापण.

तर मामा, आमच्या गोठ्यात सध्या ढेकर मोजत्यात. हसू नका. आम्ही ज्या मोठ्या आइस्क्रीम कंपनीला दूध घालतो, तिला आता हवेची काळजी लागलीय. गाय रवंथ करताना ढेकर देती, त्या गॅसनं म्हणे जग तापतंय. म्हणून गोठ्याचे ढेकर किती आन् दूध किती, याचा मेळ बघायचा. बसला तर लिटरमागं जादा दर. त्यासाठी करिश्मा मॅडम म्हणून एक पोरगी मशीन घेऊन येणार असं कळलं, तवापासून मला दुसरं काही सुचंना. आदल्या दिवशी मी गाईच्या नाकाशी हात धरून बसले हुते. (खरंच येतो मामा, थोड्या थोड्या वेळानं, गरम. इतकी वर्षं शेण काढलं, कधी ध्यानात आलं न्हाई.) मॅडम आल्याआल्या मी विचारलं, बैलाचा धरता का, आमच्या सासऱ्यांचा, म्हस्कूआबांचा धरता का? आबा जेवून उठले की मांडणीवरची भांडी वाजत्यात. तर म्हणाली, फक्त दूध देणाऱ्यांचा. आबा जरा नाराज झाले. म्हणाले, आमच्या आज्याची मेंढरं पार कोकणापर्यंत ढेकर देत जायची, कुणी विचारलं न्हाई.

घोटाळा केला सासूबाईंनी. पाव्हणी गोठा बघायला येणार म्हटल्यावर त्यांनी पोळ्यासारखी तयारी केली. गाई धुतल्या, शिंगं रंगवली, आन् पाव्हण्यांपुढं जनावर उपाशी दिसू नये म्हणून पहाटेपासून चारा, पेंड, वर गूळ. सगळ्यात जास्त हरणीला, म्हातारी म्हणून. मॅडमनं हरणीच्या तोंडापुढं मशीन धरलं, आन् हरणीनं जे सुरू केलं ते थांबंना. मॅडमला वाटलं मशीन बिघडलं. पुसून परत धरलं, तर परत तेच.

शेवटी म्हणाली, बाकीचा गोठा चांगलाय, ही एक गाय काढून टाका, मंगळवारी परत मोजू. (दूध तांब्याभर आन् ढेकर गोठाभर, हे काय मला दिसत न्हाई व्हय?) ह्यांनी खाली बघून मान डोलावली. मामा, हरणी तुम्ही मला आंदण दिलेली. मी या घरात आले तवा माझ्या ओळखीचं तेवढं एकच तोंड हुतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं, आन् मग राग आला. सगळ्यांपुढं सांगितलं, हरणी जाणार न्हाई, आन् जादा दरपण सोडणार न्हाई. दोन्ही कसं जमायचं, असं ह्यांनी विचारलं, तवा मी चहा टाकायला आत गेले.

बाकी ठीक. गुडघ्याला शेक देत जावा.

तुमची भाची,
अंकिता

ता. क. सोमवारी टेम्पो घेऊन या. हरणीला चार दिवस माहेरी यावंसं वाटतंय.

आणखी एक : मॅडमला विचारून घेतलं, पुढच्या आठवड्यात ती तुमच्या खुटबावात मोजायला हाय. तवा हरणीला परत धाडा, संगट तुमची म्हातारी जर्सीपण धाडा. मामीला सांगा, शिंगं रंगवू नका, गूळ तर अजिबात घालू नका.

आणि शेवटचं : टेम्पोच्या धुराचंपण विचारलं. ती मोजदाद दुसऱ्या मॅडमकडं हाय म्हणे. त्या कवा येत्यात ते काढते. तवर टेम्पो कुठं दडवायचा ते तुम्ही बघून ठेवा.