उसाच्या सरीचं दार

आबा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज भर वर्गात तुमची एक गोष्ट मी स्वतःच्या नावावर खपवली. लेकीनं कबुली द्यायची ती बापालाच, म्हणून स्टाफरूम रिकामी आहे तोवर लिहिते आहे.

बावड्याच्या मळ्यातली ती दुपार तुम्ही विसरला नसाल. मोटर चालू आहे, उसाला पाणी सोडलंय आणि दारं धरायला मी उभी आहे. काम काय, तर एक सरी भरली की खोऱ्यानं तिच्या टोकाची माती ओढायची आणि पाणी शेजारच्या सरीत काढून द्यायचं. पण माझी बारावी तोंडावर आलेली, हातात जीवशास्त्राचं पुस्तक. बांधावर टेकले ती टेकलेच. पाणी तुंबून वरंबा फुटला तेव्हा तुम्ही पलीकडून ओरडत आलात, "अगं ए शहाणे, पाणी एका जागी कोंडलं की मुळं कुजत्यात! शेजारणीकडं जाऊ दे की त्याला!" सरीला तुम्ही शेजारीण म्हणालात याचं मला हसू आलं आणि हसले म्हणून आणखी बोलणी खाल्ली. चिखलात पडलेलं पुस्तक मात्र तुम्हीच उचललंत, सदऱ्याला पुसलंत आणि माझ्या हातात दिलंत.

पुढे एम.एस्सी.ला असताना मी सुट्टीला घरी आले होते. आई भाकरी थापत होती, तुम्ही जेवत होता. "मेंदूत काय बघतीस गं एवढं?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, काही पेशी निरोप नेतात आणि त्यांच्या मधे आधाराला दुसऱ्या असतात, त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या. भाकरी मोडता मोडता तुम्ही थांबलात. "मग ह्या मधल्या एकमेकींशी बोलत न्हाईत व्हय? एवढ्या शेजारी शेजारी बसून?"

"न्हाय आबा, त्या नुसत्या आधाराला," मी म्हणाले. "जाऊ द्या, तुम्हाला न्हाय कळायचं."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि आमटी वाढून घेतलीत. त्यानंतर तुम्ही माझ्या अभ्यासाबद्दल कधीच काही विचारलं नाहीत.

पण त्या मधल्या पेशी बोलतात, आबा. तेव्हाही जाणकारांना ते माहीत होतं, माझंच वाचन तोकडं. दोन शेजारच्या आधारपेशींच्या भिंतीत बारीक दारं असतात. एकीच्या आत कॅल्शियम चढलं की त्या दारातून सांगावा पुढे सरकतो, मग दुसरीत चढतं, तिच्याकडून तिसरीत. निरोप्या पेशींसारखी विजेची घाई नाही, सरीमागून सरी भरत जावी तसं सावकाश. शिवाय निरोप्यांची धावपळ वाढली की बाहेर पोटॅशियम साचतं. तेही ह्या आत ओढून शेजारणींत वाटून टाकतात, तुंबू देत नाहीत.

आज हे शिकवताना मुलांचे चेहरे कोरे होते. मग मी फळ्यावर उसाच्या सऱ्या काढल्या, दारं काढली आणि म्हणाले, "पाणी एका जागी कोंडलं की मुळं कुजतात." अर्धा वर्ग शेतकऱ्यांच्या घरचा, चटकन डोक्यात शिरलं. पहिल्या बाकावरची आजऱ्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, लई भारी की! पुस्तकात न्हाय हे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मलाच सुचलं," मी म्हणाले.

उद्या पहिला तास पुन्हा त्याच वर्गावर आहे. हा कागद टिपणांच्या वहीत ठेवते आणि तिला खरं सांगेन म्हणते. आजही सांगता आलं असतं. तुमचं नाव घ्यायची लाज नव्हती, आबा. पण "माझ्या वडिलांनी" असं म्हटलं असतं, तर त्या दिवशी मी तुम्हाला काय उत्तर दिलं, तेही सांगावं लागलं असतं.