नाव वगळून

प्रिय धाकटे,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, तरी लिहिलं. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू आधी रडशील, मग मी तुझी समजूत घालत बसेन आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहील. लहानपणापासून आपलं हेच चालत आलंय. लेकीची खबर आधी सांगते, कारण तुझाही जीव टांगणीला लागला असणार, तेवढं मी तुला ओळखते. ती बरी नाही. जेवते, अंघोळ करते, शाळेत जाते, बोलत मात्र नाही. तिच्या बाबांसमोर मान तरी हलवते, माझ्यासमोर तेवढंही नाही. समुपदेशक बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्यासमोर तासभर बसून ती खिडकीबाहेर बघते आणि परत येते. ती बोलायला लागेपर्यंत तिला घरात एकटं ठेवू नका, असं त्यांनी आम्हाला बजावलंय. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

विद्यापीठातल्या त्या बैठकीला मी येणारच नव्हते, आठवतं ना? हरितगृहात माझ्या घेवड्याच्या रोपांवर तांबेऱ्याची लागण करायचा तो दिवस होता, आणि बुरशी काही माझ्या सवडीने वाढत नाही. पण तूच गळ घातलीस. तिन्ही विभाग पहिल्यांदाच एकत्र येताहेत, ताई, तू पुढे बस, म्हणालीस. म्हणून बसले, इंजिनिअरांच्या घोळक्यात. आधी तुझा नवरा बोलला. डाग उमटायच्या आधीच पान आजारी आहे हे ओळखणारं त्याचं यंत्र, आणि तेच गणित वापरून मुलांच्या मनगटावर बांधायचा पट्टा. झोप, नाडी, चालणं, सगळं मोजायचं आणि मूल खचायच्या आधी मोठ्यांना सावध करायचं. माणूस हुशार आहे, त्यात वाद नाही. मग मी माझं दळण दळलं, कुठल्या जनुकामुळे घेवड्याचा एक वाण तग धरतो आणि शेजारचा आडवा होतो त्याचं. शेवटी वयात येणाऱ्या मुलांच्या आरोग्यावर बोलायला तू उभी राहिलीस, आणि काय सुरेख बोललीस! शेजारच्या प्राध्यापकांना मी कोपराने ढोसून सांगितलंसुद्धा, की ही माझी बहीण.

आणि पडद्यावर ती ओळ आली. तुझ्या पाहणीतल्या एका मुलीचं म्हणणं, नाव वगळून. आईला पानावरचा डाग उमटायच्या आधी दिसतो, मी मात्र तिच्यासमोर उभी राहिले तरी दिसत नाही. खाली बारीक अक्षरांत तुझी टीप: वय चौदा, आई वनस्पतिरोगांची संशोधक, मुलगी आजारी रोपांना टोपणनावं देते. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली आणि मग एकेक मान माझ्याकडे वळली. वळणारच! माझ्या हरितगृहातल्या 'लंगडू' आणि 'रडके आजोबा' अशा पाट्यांच्या कुंड्या तिन्ही विभागांनी बघितल्यात, पाहुणे आले की मीच हौसेने दाखवत असते. तू फक्त नाव खोडलंस. नाव खोडलं की माणूस लपला, असं धरून चालायची आपल्या लोकांना सवयच लागली आहे. त्याखालची दुसरी ओळ मी इथे लिहिणार नाही. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं, अशा अर्थाची ती होती. माझ्या लेकीला जगणं नकोसं झालंय हे मला भर सभागृहात, आलेखासकट कळलं.

पडद्याचा फोटो कोणी काढला, कोणी कोणाला पाठवला, ते शोधत बसण्यात अर्थ नाही. तिच्या वर्गात आपल्या प्राध्यापकांची मुलं आहेतच. ती शाळेतून आली, मनगटावरचा पट्टा सोडून माझ्या टेबलावर ठेवला आणि खोलीत गेली. तेव्हापासून तोंड मिटलंय ते मिटलंय.

सगळं नियमात बसवून केलंय, असं तू कळवलंस. समितीची परवानगी होती, आमचीही संमती होती. होती की! आम्ही संमती दिली ती तिची झोप मोजायला. ती तुझ्यापाशी काय बोलते ते मला सांगणं गुप्ततेत बसत नव्हतं, असंही तू म्हणतेस. म्हणजे आईला सांगायचं नाही आणि सभागृहाला सांगायचं, ही कुठली गुप्तता गं? वर्षभर तू दर रविवारी आमच्याकडे जेवलीस. मी तुझ्या पानात वाढत होते आणि तुला सगळं माहीत होतं. एकदा तरी मला बाजूला घेऊन म्हणायचंस, ताई, पोरीकडे बघ. एवढंच. तुझ्या संशोधनाचं काय बिघडलं असतं?

आमच्या प्रयोगाच्या शेतात कडेने एक ओळ असते, लवकर आजारी पडणाऱ्या वाणाची. रोग आधी तिच्यावर येतो, तिथून बाकीच्या ओळींवर सारखा पसरतो आणि कोण तगतं ते आम्हाला कळतं. त्या ओळीवर आम्ही औषध मारत नाही, मारलं तर प्रयोगच बाद होतो. मला रोज वाटतं, तू तिला त्या ओळीत लावलंस. घेवड्याचं ठीक आहे, त्याला मावशी नसते.

तुझं शिक्षण चालू होतं तेव्हा तू आमच्याकडेच राहायचीस. पाळण्यात रडणारी पोर तू पोटावर घेऊन पुस्तक वाचायचीस आणि ती गपगार झोपायची. माझ्याकडे आली की भोकाड पसरायची. तिला मावशी जास्त जवळची, हे मला कधी खुपलं नाही असं म्हणणार नाही. खुपलं. पण घरात तिचं मोकळेपणी ऐकून घेणारं एक माणूस आहे, म्हणून मी निर्धास्त होते. केसाने गळा कापलास. आणि ते पडद्यावरचं वाक्य खोटं होतं असंही मी म्हणत नाही. त्याचं काय करायचं ते मी आणि ती बघू, त्यात तू पडू नकोस.

एवढी आगपाखड करायलाच ताईने पत्र लिहिलं, असं तुला वाटलं असेल. तशी ती तोंडावरही करता आली असती. आज सकाळी मी ओट्यापाशी होते, ती येऊन मागे उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी बोलली. मावशीला बोलव, एवढंच म्हणाली. तुला मावशीचा राग नाही का आला, हे तिला विचारणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, जीभ चावली. राग आहेच, चेहऱ्यावर दिसत होता. पण बोलायचं तर तुझ्याशीच, हे तिचं ठरलंय. आई मी, आणि तिला हवी आहेस तू. गिळायला जड जातंय, पण गिळते. तर ये. नवऱ्याला आणू नकोस, कसलं यंत्र आणू नकोस. आम्ही दोघं बाहेर जाऊ, दाराला कान लावून बसणार नाही. तिच्या जिवावरचं काही असेल तर समुपदेशक बाईंना सांग, तेही तिला सांगून. बाकी एक अक्षर कोणापाशी काढू नकोस. मी नंतर तुला फोन करेन. विचारेन, रडेन, मोठ्या बहिणीचा धाक दाखवेन, वाट्टेल तसं बोलेनसुद्धा. तरी मला सांगू नकोस.

दुसरं काही लिहायला हात वळत नाही म्हणून, तुझीच,
ताई