आप्पांच्या लिव्हरचा तुकडा

सौ. राजमतीआक्कास,

गोमटेशचा जयजिनेंद्र, दाजींनाही सांग. तुझी कंबर कशी आहे? फलटणचं ऊन सोसतंय ना? इकडे आम्ही आहोत, आणि आप्पा हळूहळू हिंडूफिरू लागलेत. फोनवर तू मधेच चिडतेस म्हणून पत्र लिहितोय. यात तुला मधे बोलता येणार नाही.

आप्पांची लिव्हरची गाठ काढल्यापासून गावानं ठरवूनच टाकलंय की ते चोरून पितात. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणारा माणूस! पण चहाच्या टपरीवाला धोंडिराम सगळ्यांदेखत म्हणाला, "दारूबिगर कवा लिव्हर जातंय व्हय?" त्या दिवसापासून आप्पांनी बस्तीत देवदर्शनाला जाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ 'ब'चा विषाणू असेल. रक्तात सापडला नाही तरी लिव्हरमध्ये दडून बसतो, काढलेल्या गाठीत त्याचा डीएनए शोधू. गाठीचा तुकडा सांगलीच्या लॅबनं मेणाच्या वडीत घालून ठेवला होता. ती वडी साताऱ्याच्या लॅबला पोचवायची, एवढंच काम. (मला दिलेल्या एवढ्याशा कामाचं काय होतं, ते तुझ्या लग्नाच्या पत्रिका वाटताना तू पाहिलंयस.)

वडी घेऊन घरी आलो, तर आई उंबऱ्यात आडवी उभी. ज्या घरात कांदा येत नाही तिथं मांसाचा तुकडा कसा येईल? मी म्हटलं, आई, हे आप्पांचंच आहे, बाकीचे आप्पा आत बसलेत की. तर म्हणाली, आतले जिवंत आहेत, ते चालतात. वडी रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली. सकाळी साताऱ्याला निघालो, पण माझा दोस्त जोतिबा, त्यानं नवी शेळी घेतलीय म्हणून जरा वडूजला वाकडी वाट केली. (शेळी झकास आहे, दोन करडं झालीत.) तोवर गाडी तीन तास उन्हात. डिकी उघडली तर वडी पुरणासारखी मऊ.

साताऱ्याच्या लॅबमधल्या राणीताईंनी मला उभ्या उभ्या सोललं. मग म्हणाल्या, तुकडा शाबूत आहे, नव्या मेणात बसवू. त्यांचं काम असं. वडीचे कागदाहून पातळ काप काढायचे, मेण धुवायचं, डीएनए वेगळा करायचा, आणि त्यात विषाणूचा असलाच तर यंत्रात घालून त्याची दुप्पट, दुपटीची दुप्पट, अशा नकला करायच्या, दिसेपर्यंत. शेजारच्या नळीत नुसतं पाणी ठेवतात. त्यात काही दिसता कामा नये. आपल्या नशिबानं पाण्यातच विषाणू दिसला! म्हणजे कुठून तरी शिंतोडा उडाला. सगळं रद्द. नवं पातं, नव्या नळ्या, आणखी आठ दिवस. आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "पाण्यावरबी आळ आला व्हय रं? मग माझं काय घेऊन बसलास."

दुसऱ्या खेपेला पाणी निर्दोष निघालं आणि आप्पांच्या तुकड्यात विषाणू सापडला. रोगाची बातमी कळून पेढे आणणारं आपलंच घर असेल. आप्पांनी रिपोर्टची झेरॉक्स स्वतः बस्तीच्या फळ्यावर लावली. दारूचा डाग गेला. आणि आता तोच धोंडिराम आप्पांना कागदी कपात चहा देऊन चार हात लांब उभा राहतो. एका ताटात जेवल्यानं हा रोग लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण ऐकतंय कोण? आप्पा पुन्हा घरात.

तुझा वैतागलेला,
गोमटेश

ता. क. रविवारी बस्तीत पंगत आहे. तू ये आणि सगळ्यांदेखत आप्पांच्या ताटातला घास घे. मी घेतला असता, पण लोक म्हणतील, ह्यानं भुकेनं घेतला.

ता. क. २ : विषाणू घरच्यांतही असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आपल्या दोघांचंही रक्त तपासायला सांगितलंय. मी दिलं, असं घरी सांगितलंय. दिलेलं नाही. तीनदा लॅबच्या दारातून परतलो. सुईला भीत नाही गं, कागदाला भितो. पण धोंडिरामचं सोड, माझा रिपोर्ट येईपर्यंत, मला लागायला नको म्हणून, आप्पांनी स्वतःच आपलं ताट वेगळं मांडलंय. सोमवारी माझ्याबरोबर चल. पहिला नंबर तुझा.