स्टिअरिंगची फ्रेम

ताई,

दमलोय गं. कामानं नव्हे, फ्रेमच्या दुकानात दिवसभर रिकामं बसून.

आज एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आले, काखेत भलंमोठं स्टिअरिंग घेऊन. म्हणाले, "याला फ्रेम करून द्या." सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "आम्ही फक्त फोटो करतो." ते जागचे हलले नाहीत. "त्या ताई कुठं असतात? त्या म्हणाल्या होत्या, रिटायर झालात की घेऊन या, करून देऊ."

मग ठेवून घेतलं. चारदा मापं घेतली, तरी एवढी खोल, पेटीसारखी फ्रेम कशी करायची ते कळत नाहीये.

या महिन्यातलं हे तिसरं. आधी एक बाई बाळाचे मोजे घेऊन आल्या, मग एक मास्तर मोडका चष्मा घेऊन. तिघंही तुलाच शोधत आले. "दुकान माझं आहे, ढवळाढवळ करू नकोस," असं मी तुला म्हणालो आणि तू गेलीस, तेव्हा वाटलं होतं, चला, तुझी खुळंही गेली. पण दुकान अजून तुझ्याच होकारांवर चाललंय. माझ्या शब्दावर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

"परत ये" असं लिहिलं होतं, ते खोडलं. पत्र टाकू का, असं स्वतःला विचारलं, तर त्यालाही नाहीच म्हणालो.

एवढंच सांग, आणखी किती जणांना हो म्हणून ठेवलंयस? ते संपले की मी शटर कुणासाठी उघडू?

तूच नाव ठेवलेला,
नकारघंटा